डेलानोच्या टेप्स कुठे आहेत आणि त्या कशा ऐकाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहून कॅलिफोर्नियातल्या शेतमजूर चळवळीवर पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय की तिथल्या डेलानो गावातल्या १९६५च्या द्राक्ष संपाची आणि एकूण मेक्सिकन-अमेरिकन चळवळीची मूळ ध्वनिमुद्रणं कुठे आहेत, ती भारतातून ऐकता येतात का, आणि पुरावा म्हणून त्यांच्यावर कितपत भिस्त ठेवावी. मी अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संग्रहांमध्ये बरीच वर्षं जुन्या टेप्स दुरुस्त करून त्यांचं डिजिटायझेशन करतोय, त्यामुळे या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो. उत्तर लांबेल, पण विषयच तसा आहे.

टेप कुठे आहे हे शोधण्याआधी ती कोणी केली आणि कोणासाठी केली, ते विचारा. डेलानोचा सगळा आवाज एका कपाटात मिळेल अशी जागा नाही. युनियनने स्वतः केलेलं मुद्रण वेगळं, रेडिओच्या वार्ताहराने केलेलं वेगळं, सरकारी सुनावणीचं वेगळं, आणि चाळीस वर्षांनी एखाद्या संशोधकाने म्हाताऱ्या मजुराच्या स्वयंपाकघरात बसून घेतलेली मुलाखत त्याहून वेगळी. प्रत्येकात माणसं वेगळं बोलतात. हे ध्यानात न घेता मिळेल ती क्लिप उचलून प्रबंधात लावली, की सगळा संप म्हणजे शेतमजूर युनियनचे नेते सेसार चावेझ या एकट्याचं भाषण होऊन बसतो.

सुरुवात युनियनच्या स्वतःच्या साठ्यापासून करा. तो कॅलिफोर्नियात नाही, डेट्रॉइटला आहे. वेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या वॉल्टर रॉयथर लायब्ररीत. मोटार कामगारांचे नेते वॉल्टर रॉयथर डिसेंबर १९६५मध्ये डेलानोला आले, संपकऱ्यांबरोबर चालले आणि दरमहा पाच हजार डॉलर्सची मदत त्यांनी जाहीर केली. कामगार चळवळीची कागदपत्रं जपणाऱ्या या ग्रंथालयाकडे १९६७पासून शेतमजूर युनियनचं दप्तर जाऊ लागलं. पत्रं, हिशेब, फोटो आणि त्यांच्याबरोबर टेप्स.

त्या टेप्समधला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे युनियनच्या कार्यकारिणीच्या बैठका. सत्तरच्या दशकात या बैठका तासन्‌तास टेप केल्या गेल्या. बंद दाराआड, आपल्याच माणसांत. तिथले चावेझ व्यासपीठावरचे नाहीत. ते चिडतात, टोमणे मारतात, जुन्या सहकाऱ्यांवर संशय घेतात, आणि पुढच्याच वाक्यात शेतमालावरच्या बहिष्काराच्या डावपेचाचं असं नेमकं विश्लेषण करतात की ऐकणारा थक्क होतो. १९७७च्या सुमारास ला पास या मुख्यालयात सिनॅनॉन या व्यसनमुक्ती संस्थेकडून उचललेला ‘गेम’ सुरू झाला, ज्यात एकाला मध्ये बसवून बाकीच्यांनी त्याच्यावर तोंडसुख घ्यायचं. त्या काळातल्या फाटाफुटीचा माग या टेप्समधून काढता येतो. गेल्या वीस वर्षांत चावेझ यांच्याबद्दलचं लेखन बदललं, त्यामागे अभ्यासकांनी बसून या टेप्स ऐकल्या हे एक मोठं कारण आहे. नुसत्या इतिवृत्तात ‘चर्चा झाली, ठराव संमत’ एवढंच असतं. चर्चा कशी झाली ते टेपवरच कळतं.

आता जाहीर प्रसंग. भारतातला विद्यार्थी साहजिकच आधी उपासाकडे वळतो, कारण चावेझ गांधीजींचं नाव घेत. फेब्रुवारी-मार्च १९६८मध्ये त्यांनी २५ दिवस उपास केला आणि १० मार्चला डेलानोतल्या बागेत हजारोंच्या समोर सिनेटर रॉबर्ट केनेडींच्या शेजारी बसून तो सोडला. त्या दिवसाचं त्यांचं निवेदन, ज्यात दुसऱ्यासाठी अहिंसक मार्गाने स्वतःला झोकून देणं हेच खरं धैर्य असं म्हटलंय, ते सगळीकडे उद्धृत होतं. लोक मला विचारतात, ते त्यांच्या आवाजात कुठे मिळेल? मिळणार नाही. ते इतके अशक्त झाले होते की त्यांना बोलवत नव्हतं. निवेदन त्यांच्या वतीने सहकारी जिम ड्रेक यांनी वाचलं. तेव्हा एखाद्या व्हिडिओत चावेझ यांच्या फोटोवर हे शब्द भारदस्त आवाजात ऐकू आले तर तो आवाज कोणाचा आणि कधीचा, हे तपासल्याशिवाय तळटीप देऊ नका.

गांधींचा धागा खरा आहे, पण मूळ मुद्रणं ऐकताना त्याच्यापेक्षा ग्वादालुपेची माता, म्हणजे मेक्सिकन कॅथलिकांची मेरीमाता, जास्त भेटते. मार्च-एप्रिल १९६६मध्ये डेलानो ते सॅक्रामेंटो अशी जी पदयात्रा निघाली तिचं घोषवाक्यच ‘तीर्थयात्रा, प्रायश्चित्त, क्रांती’ असं होतं. पुढे मातेचा ध्वज, वाटेत रोज रात्री सभा, गाणी, प्रार्थना. १० एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, विधानभवनाच्या पायऱ्यांवर चावेझ यांच्या सहकारी डोलोरेस वेर्ता बोलल्या. गव्हर्नर पॅट ब्राउन त्या दिवशी गायक फ्रँक सिनात्राकडे पाम स्प्रिंग्जला होते, आणि लोक आपल्या दारात आलेत हे ठाऊक असून ते नव्हते, याचा वेर्ता यांनी जो समाचार घेतला तो कानाने ऐकण्यासारखा आहे. त्या इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आणि परत अशा सहज ये-जा करतात. छापील प्रतीत हे सगळं सपाट होऊन जातं.

एक सुनावणी मात्र कागद आणि आवाज दोन्ही पुढे ठेवून अभ्यासा. मार्च १९६६मध्ये सिनेटच्या स्थलांतरित मजुरांविषयीच्या उपसमितीने डेलानोत साक्षी घेतल्या. त्याआधी, १९ ऑक्टोबर १९६५ला, कर्न परगण्याच्या शेरिफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, माणसांनी ४४ जणांना अटक केली होती. गुन्हा काय, तर बागेच्या कडेला उभं राहून ‘वेल्गा’, म्हणजे संप, असं ओरडणं. उपसमितीत असलेल्या केनेडींनी शेरिफना विचारलं की अजून कायदा न मोडलेल्या माणसांना तुम्ही अटक कशी करता. शेरिफचं म्हणणं असं की दुसरे लोक चिडले आहेत, दंगल होईल असं कळलं तर मला पाऊल उचलावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत अमेरिकेची राज्यघटना वाचून या, असं केनेडींनी त्यांना सुनावलं. कागदावर ही चकमक वकिली वाटते. चित्रफितीत शेरिफ ज्या निवांत, खात्रीच्या सुरात आपलं म्हणणं मांडतात तो सूर ऐका. त्या गावात कायदा कोणाच्या बाजूने उभा होता, हे त्या सुरावरून जेवढं कळतं तेवढं कुठल्या अहवालावरून मला कळलेलं नाही.

तिसरा हात रेडिओचा. बर्कलेचं केपीएफए हे श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं केंद्र १९४९पासूनचं. त्याच्या पॅसिफिका साखळीचा संग्रह लॉस एंजेलिसला आहे, आणि संपाबद्दलच्या मुलाखती, भाषणं, वार्तापत्रं त्यात सापडतात. पण हा वार्ताहर बर्कलेच्या श्रोत्यासाठी बोलतोय, हे विसरू नका. तो इंग्रजी येणाऱ्याला माइक देतो, आणि इंग्रजी येणारा बहुधा स्वयंसेवक, पाद्री नाही तर नेता असतो. बागेत द्राक्षं तोडणारी बाई पार्श्वभूमीला घोषणा देताना ऐकू येते, मुलाखतीत नाही. मजुरांचा स्वतःचा रेडिओ नंतर आला. सँटा रोझाचं केबीबीएफ १९७३मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात ग्रेंजरचं केडीएनए १९७९मध्ये, आणि युनियनचं स्वतःचं केयूएफडब्ल्यू १९८३मध्ये. केडीएनए उभं करण्यात बायकांचा मोठा वाटा होता आणि कीटकनाशकांपासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळं तिथे स्पॅनिशमध्ये बोललं जाई. अशा केंद्रांचं प्रसारण थेट असे, टेप महाग असे, आणि तीच टेप पुसून पुन्हा वापरली जाई. त्यामुळे जे उरलंय ते थोडं आहे, आणि ते का उरलं हाही तुमच्या प्रबंधाचा भाग होऊ शकतो.

मोठी पोकळी फिलिपिनो मजुरांच्या आवाजाची आहे, आणि इथे मी जरा आग्रहाने लिहितो. ८ सप्टेंबर १९६५ला संप पुकारला तो फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलिओंग यांच्या नेतृत्वाखाली. चावेझ यांच्या संघटनेने साथ द्यायचं ठरवलं ते १६ सप्टेंबरला, ग्वादालुपे चर्चच्या सभागृहात. म्हणजे आठ दिवस मार आणि मालकांच्या धमक्या सोसल्या त्या इलोकानो आणि टागालोग बोलणाऱ्या, बहुतेक वयस्क, एकट्या राहणाऱ्या पुरुषांनी. संपाचं स्वयंपाकघर त्यांच्याच फिलिपिनो हॉलमध्ये होतं. पण टेपवर पाहिलं तर स्पॅनिश आणि इंग्रजीचा पूर आणि इलोकानो जवळजवळ नाही. कॅटलॉग करणाऱ्याला ती भाषा येत नसेल तर ‘अस्पष्ट संभाषण’ असं लिहून तो पुढे जातो. इटलिओंग १९७१मध्ये युनियनमधून बाहेर पडले, त्यांचे सहकारी फिलिप वेरा क्रूझ १९७७मध्ये, चावेझ हुकूमशहा मार्कोसच्या फिलिपिन्सला जाऊन आले त्या वादावरून. युनियनच्या दप्तरात नंतर त्यांचा आवाज कमी होत जातो तो याच कारणाने. यूसी डेव्हिसच्या, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेच्या, बुलोसान केंद्राचा वेल्गा संग्रह ही उणीव भरून काढायचा प्रयत्न करतोय. तुमच्या यादीत तो डेट्रॉइटच्या बरोबरीने ठेवा.

आणखी एक नाजूक गोष्ट. १९७२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केक्यूईडी वाहिनीवर चावेझ यांची मुलाखत झाली. संप मोडायला सीमेपलीकडून आणलेल्या बिनकागदपत्रांच्या मजुरांबद्दल ते तिथे जे शब्द वापरतात ते आज शिवी म्हणून ऐकू येतात. १९७४मध्ये तर युनियनने अशा मजुरांची खबर इमिग्रेशन खात्याला देण्याची मोहीम चालवली आणि ॲरिझोनात सीमेवर पहारे बसवले. हल्ली ही क्लिप स्थलांतरितांच्या विरोधातले लोक कापून वापरतात आणि चळवळीचे पाठीराखे ती टाळतात. तुम्ही दोन्ही करू नका. पूर्ण मुलाखत ऐका. बागायतदार आणि मुकादम त्या मजुरांचा वापर कसा करत होते हे ते कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात सांगतात ते लिहा, आणि शब्दही जसेच्या तसे नोंदवा. नंतरच्या वर्षांत युनियनची भूमिका बदलली, तीही त्याच प्रकरणात यायला हवी.

याहून जुनं काही हवं असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला चार्ल्स टॉड आणि रॉबर्ट सॉनकिन यांचा १९४०-४१चा संग्रह पाहा. सरकारी छावण्यांतल्या ओक्लाहोमाकडच्या गोऱ्या विस्थापितांची गाणी म्हणून तो प्रसिद्ध आहे, पण एल रिओच्या छावणीत त्यांनी मेक्सिकन कुटुंबांचंही मुद्रण केलं. व्हेंचुरा परगण्यात १९४१मध्ये लिंबू तोडणाऱ्यांचा मोठा संप झाला होता, लोकांना मालकांच्या घरांतून बाहेर काढलं होतं. त्या वातावरणात झालेलं ते बोलणं आहे. टेप नव्हे, तबकड्या. सुई जिथे खरखरते तिथे नेमका महत्त्वाचा शब्द जातो, सवय करून घ्यावी लागते. १९४२ ते १९६४च्या ब्रासेरो करारांवर मेक्सिकोतून आलेल्या मजुरांच्या मुलाखती ब्रासेरो हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहेत, स्मिथसोनियन आणि काही विद्यापीठांनी मिळून केलेल्या. या आठवणी कित्येक दशकांनंतरच्या आहेत, म्हणून तारखांसाठी त्यांच्यावर विसंबू नका. शरीराच्या आठवणींसाठी मात्र विसंबा. आखूड दांड्याची कुदळ, जिला मजूर ‘एल कोर्तितो’ म्हणत, ती दिवसभर कमरेत वाकून चालवल्यावर संध्याकाळी सरळ कसं उभं राहता येत नसे, हे सांगताना माणसं अजून कण्हतात. कॅलिफोर्नियात तिच्यावर बंदी आली ती १९७५मध्ये.

आता विश्वासाचा प्रश्न. इथे थोडं टेपच्या पोटात शिरावं लागेल.

साठच्या दशकातली सात इंची रील हातात आली की मी आधी ती उजेडासमोर धरतो. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, नाही दिसला तर पॉलिएस्टर. ॲसिटेटला शिरक्यासारखा वास येऊ लागला असेल तर तिचा आधार विघटित होतोय, ती आधी घ्यायची. ती तुटते, पण स्वच्छ तुटते, जोडता येते. सत्तरच्या दशकातल्या काही पॉलिएस्टर टेप्सचा चिकट थर ओलावा शोषून यंत्राच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटतो, त्यांना पन्नास-चोपन्न अंश सेल्सिअसला काही तास ओव्हनमध्ये भाजावं लागतं. मग थोडे आठवडे त्या वाजण्याजोग्या होतात. ॲसिटेट कधी भाजायची नाही. हे तुम्हाला का सांगतोय? कारण ‘टेप खराब आहे, आवाज येत नाही’ असं उत्तर संग्रहाकडून आलं तर नेमकं काय खराब आहे ते विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि बऱ्याचदा त्यावर उपाय असतो.

दुसरं, वेग. शेताच्या कडेला वापरलेली रेकॉर्डर बॅटरीवर चाले. बॅटरी उतरली की टेप हळू फिरते, आणि आज नेहमीच्या वेगाने लावली तर सभेच्या शेवटी सगळेच वक्ते बारीक आवाजात घाईघाईने बोलू लागतात. ‘शेवटी सभा तापली’ असा निष्कर्ष मी एका लेखात वाचलाय. तापली होती ती बॅटरी संपल्यामुळे. सभागृहात मुद्रण झालं असेल तर ध्वनिक्षेपकाची विजेची गुणगुण टेपवर असते. अमेरिकेत ती साठ हर्ट्‌झची असते, तिच्यावरून वेग दुरुस्त करता येतो. उघड्या रानात ती सोय नाही. तिथे चर्चची घंटा किंवा एखादं ओळखीचं गाणं हाताशी लागतं, तेही अंदाजानेच.

तिसरं, भुतं. रील वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. मग ‘विवा ला वेल्गा’, म्हणजे ‘संप चिरायू होवो’, अशी आरोळी येण्याआधी सेकंदभर तीच आरोळी दबकी ऐकू येते. ती दुसऱ्या कोणाची नाही. आणि पार्श्वभूमीला कोणी उलटं बोलतंय असं वाटलं तर टेपच्या दुसऱ्या बाजूवर काही आहे, आणि ते वाजवणाऱ्याने चुकीच्या हेडवर वाजवलंय. अशीच एक रील माझ्या टेबलावर आली होती, खोक्यावर पेन्सिलीने फक्त भाषणाचं वर्ष. ते उलटं बोलणं सरळ करून ऐकलं तेव्हा एक बाई बहिष्काराच्या फलकांवर कुठल्या दुकानाची नावं लिहायची ते एकेक करून सांगत होती, मध्येच मुलाला दार लाव म्हणत होती. कॅटलॉगमध्ये त्या बाजूची नोंदच नव्हती. मला त्या रीलवरच्या भाषणापेक्षा ती पंधरा मिनिटं जास्त मोलाची वाटतात.

खोक्यावरच्या तारखेवर तर मुळीच विसंबू नका. खोकी अदलाबदल होतात, जुन्या खोक्यात नवी टेप जाते. तारीख आतल्या मजकुरावरून ठरवा. कोणत्या कंपनीशी करार झाल्याचा उल्लेख आहे? शेन्ली या मद्य कंपनीचा करार एप्रिल १९६६चा आहे. डेलानोच्या मोठ्या द्राक्ष बागायतदारांनी सह्या केल्या २९ जुलै १९७०ला. ‘सी से प्वेदे’, म्हणजे ‘होय, जमेल’, ही घोषणा ऐकू आली तर टेप १९७२च्या आधीची असण्याची शक्यता कमी, कारण ती वेर्ता यांनी फिनिक्समधल्या उपासाच्या वेळी रूढ केली. युनियनचं ‘एल मालक्रियादो’ हे वृत्तपत्र समोर ठेवलं की बरेच गुंते सुटतात.

गाण्यांचं थोडक्यात सांगतो. संपावर आणि चावेझ यांच्यावर अनेक कोरीदो रचले गेले. कोरीदो म्हणजे घडलेली घटना तारीख-गावासकट गाऊन सांगणारा आपल्या पोवाड्याच्या जातीचा प्रकार. यूसीएलएच्या स्ट्राखविट्झ फ्रोंतेरा संग्रहात ते भरपूर आहेत. शुक्रवारच्या रात्रीच्या सभांत लुईस वाल्देझ यांचं तेआत्रो कांपेसिनो हे शेतमजुरांचं नाटकमंडळ प्रहसनं करी, गाणी म्हणे. त्याची स्टुडिओत केलेली तबकडी आणि सभेतली टेप दोन्ही मिळाल्या तर सभेतली आधी ऐका. मुकादमाचं पात्र आलं की लोक कुठे हसतात, ते त्याच टेपवर कळतं.

पुण्यातून काय काय ऐकता येईल? टॉड-सॉनकिन संग्रह आणि ब्रासेरो मुलाखती सरळ इंटरनेटवर खुल्या आहेत. लेरॉय चॅटफिल्ड यांनी उभा केलेला फार्मवर्कर मूव्हमेंट डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट, जो आता यूसी सॅन दिएगोच्या ग्रंथालयाकडे आहे, तोही खुला आहे. १९६२ ते १९९३ दरम्यान राबलेल्या स्वयंसेवकांची निवेदनं, टेप्स, ‘एल मालक्रियादो’चे अंक, सगळं तिथे आहे. फ्रोंतेराची गाणी बाहेरून सेकंदांच्या तुकड्यातच ऐकू येतात, पूर्ण ऐकायला यूसीएलएच्या आवारात जावं लागतं. सार्वजनिक प्रसारणाच्या राष्ट्रीय संग्रहातला बराच भाग फक्त अमेरिकेतून उघडतो. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाशी आधीच पत्रव्यवहार करून ठेवा. पत्रकार जॅक लेव्ही यांनी चावेझ यांच्या घेतलेल्या मुलाखतींच्या टेप्स येलच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत. त्यांवरून १९७५मध्ये पुस्तक आलं, पण पुस्तकाची भाषा संपादित आहे, तेव्हा अवतरण घ्यायचं तर टेपवरून घ्या.

हक्कांचं म्हणाल तर १९५७ ते फेब्रुवारी १९७२पर्यंतची अमेरिकन ध्वनिमुद्रणं २०१८च्या कायद्यानुसार २०६७पर्यंत संरक्षित आहेत. म्हणजे संपाच्या ऐन वर्षांतलं जवळजवळ सगळंच. प्रबंधात उतारा देणं ही अडचण नसते. पण क्लिप कुठे प्रसिद्ध करायची असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि टेपवर सामान्य मजूर आपली कागदपत्रं, पगार किंवा आजारपण सांगत असेल तर कायदा काहीही म्हणो, त्याचं नाव गाळा.

आपोआप लिहून देणारी संगणकी साधनं वापरायला हरकत नाही, पण फक्त कुठल्या मिनिटाला काय आहे ते हुडकायला. एकाच वाक्यात स्पॅनिश-इंग्रजी मिसळली की ती साधनं वाटेल ते लिहितात, आणि इलोकानो तर ती स्पॅनिश समजून चक्क नवी वाक्यं रचतात.

डेट्रॉइटला पहिलं पत्र लिहाल तेव्हा ‘चावेझ यांची भाषणं हवीत’ असं मोघम लिहू नका. कार्यकारिणीच्या बैठकांपैकी तुम्हाला लागणारी दोन-तीन वर्षं सांगा, संग्रहाचा आणि खोक्याचा क्रमांक सूचीतून काढून द्या, आणि तीन गोष्टी आवर्जून मागा: खोक्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, डिजिटायझेशन कोणत्या साली आणि कोणत्या वेगाने केलं त्याची नोंद, आणि टेपच्या दोन्ही बाजू घेतल्यात का याचं उत्तर. घेतल्या नसतील तर दुसरी बाजू घेण्याची विनंती त्याच पत्रात करा, कारण भाजलेली टेप पुन्हा चिकट व्हायच्या आत ते काम उरकून घेणं तिथल्या माणसालाही सोयीचं असतं.